शेजाऱ्यांचं न्हाणीघर : बेप्पू ते कुरोकावा

सोमवार : हाकाता ते बेप्पू

जपानच्या फुकुओका शहरातल्या हाकाता स्टेशनाहून निघालेली 'सोनिक' एक्सप्रेस कोकुरा स्टेशनात थांबली, तशी डब्यातली सगळी माणसं उठून उभी राहिली. उतरायला नव्हे, खुर्च्या फिरवायला. इथून गाडी उलट्या दिशेने निघते, म्हणून ज्याने त्याने आपल्या खुर्चीचा खटका दाबायचा, खुर्ची गर्रकन वळवायची आणि पुन्हा बसायचं. अर्ध्या मिनिटात अख्खा डबा तोंड फिरवून बसला. माझ्या नवऱ्याला, अविनाशला, हा प्रकार इतका आवडला की शेजारच्या रिकाम्या खुर्च्याही त्याने वळवून टाकल्या.

पहिल्यांदा जपानला जाणारे आपल्याकडचे लोक तोक्यो, क्योतो आणि फुजी उरकून येतात. आम्ही थेट दक्षिणेला क्युशू बेटावर उतरलो ते माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीमुळे. साक्षी बेप्पूच्या रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठात शिकते. २००० साली सुरू झालेलं हे विद्यापीठ गावामागच्या डोंगरावर आहे आणि तिथले साधारण निम्मे विद्यार्थी परदेशी आहेत. "मावशी, तोक्यो कुठे पळून जात नाही. आधी इकडे या, थंडी पडली की या, आणि पोहण्याचे कपडे आणू नका," असं तिने कळवलं होतं. शेवटच्या वाक्यातली गोम माझ्या लक्षात आली होती. अविनाशच्या नव्हती.

दोन तासांत बेप्पू आलं. समोर खाडी, मागे डोंगर, आणि मधल्या उतारावर घरांच्या मधूनमधून वर चढणारे वाफेचे पांढरे लोट. लाख-सव्वा लाख वस्तीच्या या गावात गरम पाण्याचे दोन हजारांहून जास्त उगम आहेत. जपानमधल्या दुसऱ्या कुठल्याही गावात इतकं गरम पाणी निघत नाही. पूर्वी हे आठ वेगवेगळे पाणवठे होते, त्यामुळे अजूनही गावकरी 'आठ बेप्पू'ची भाषा बोलतात आणि प्रत्येक वस्तीचं पाणी वेगळं असल्याचं शपथेवर सांगतात. ते खरंच वेगळं आहे. कुठे खारट, कुठे गंधकाचं, कुठे लोहाचं.

स्टेशनबाहेर दोन्ही हात वर करून उभ्या असलेल्या एका टकल्या गृहस्थाचा पुतळा आहे. अंगावरच्या झग्याला एक छोटा राक्षस लोंबकळतोय. हे कुमाहाची आबुराया. बेप्पूला पर्यटक आणण्यासाठी यांनी आयुष्य वेचलं. 'डोंगरांत फुजी, समुद्रांत सेतो, गरम पाण्यात बेप्पू' ही घोषणा त्यांची, आणि १९२८ मध्ये उकळत्या कुंडांच्या सहलीसाठी बस काढून तिच्यात वृत्तबद्ध माहिती सांगणाऱ्या तरुण मुली नेमल्या त्याही त्यांनीच. पुतळ्याशेजारी गरम पाण्याची एक कुंडी आहे, हात बुडवायला. प्रवासाच्या बॅगा खाली ठेवून लोक आधी तिथे हात शेकतात आणि मग टॅक्सी शोधतात. आम्हीही तेच केलं.

साक्षी स्टेशनवर भेटली, हॉटेलपर्यंत पोचवून गेली. संध्याकाळी तिची दुकानातली पाळी होती. त्यामुळे पहिल्या आंघोळीला आम्ही दोघंच निघालो, ताकेगावारा ओन्सेनला. ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याचं न्हाणीघर.

ही इमारत बघण्यासारखी आहे. न्हाणीघर सुरू झालं १८७९ मध्ये, आजची लाकडी वास्तू १९३८ ची. दारावरचं छप्पर एखाद्या देवळाचं असावं तसं कमानदार आणि भारदस्त. आत उंच छताचा थंडगार दिवाणखाना, लाकडी बाकं, आणि कोपऱ्यात पैसे घेणाऱ्या बाई. साध्या आंघोळीचे तीनशे येन. इथून अविनाश एका पडद्याआड गेला, मी दुसऱ्या. म्हणजे एकाच ठिकाणी जाऊन आम्ही दोन निरनिराळ्या जागा बघणार होतो आणि बाहेर येऊन एकमेकांना सांगणार होतो, हे तेव्हाच ठरलं.

आत कपडे ठेवायला उघडे खण आहेत आणि तिथूनच चार पायऱ्या खाली हौद दिसतो. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. कपडे काढले की तुम्ही थेट सगळ्यांसमोर. एक छोटा पंचा तेवढा बरोबर न्यायचा आणि तोही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा किंवा काठावर. हौद अंग भिजवायला असतो, मळ काढायला नाही. म्हणून आधी काठाशी उकिडवं बसून, बादलीने पाणी घेऊन, साबण लावून स्वच्छ धुवायचं, साबणाचा थेंबही न ठेवता, आणि मग आत उतरायचं. केसांना तेल असेल तर ते आधी काढायचं, लांब केस वर बांधायचे. कपडे घालून का चालत नाही याचं उत्तर इथे बसल्यावर आपोआप मिळतं. सगळ्यांनी एकाच पाण्यात बसायचं असेल तर त्यात कापड बुडवणं हाच अडाणीपणा. आपल्याकडे अकलोली-वज्रेश्वरीच्या कुंडांत बायका साडी नेसून उतरतात आणि काठावर साबणाचे कागद पडलेले असतात, त्याच्या अगदी उलट हिशेब.

अनोळखी बायकांसमोर कपडे काढायची मनाची तयारी मी विमानातच केली होती. ती वाया गेली. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. एक आजी पायाची नखं निरखत होत्या, एक बाई डोळे मिटून बसली होती. बघितलं ते मी पाण्यात पाय घातल्यावर, कारण तोंडातून "आई गं" निघालं. पाणी कढत होतं. हळूहळू उतरायचं, हलायचं नाही. हललं की चटका बसतो, स्थिर राहिलं की कातडीभोवतीचं पाणी जरा निवतं. तीनेक मिनिटांत खांद्यातला विमानप्रवास गळून गेला.

अविनाशने मात्र वाळूस्नान घेतलं. अंगात युकाता, म्हणजे सैल सुती झगा, घालून गरम वाळूत आडवं व्हायचं आणि तिथल्या बायका फावड्याने वाळू ओढून गळ्यापर्यंत पुरतात. दहा-पंधरा मिनिटं. "वजन कळतं वाळूचं," तो म्हणाला. "पायाच्या अंगठ्यात नाडी उडताना ऐकू येत होती." बाहेर येऊन बाकावर बसलेला त्याचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा दिसत होता.

मंगळवार : कान्नावा

'जिगोकु' म्हणजे नरक. उकळत्या पाण्याच्या, चिखलाच्या, वाफेच्या कुंडांना इथे नरक म्हणतात आणि सात नरकांचं एकत्र तिकीट मिळतं. त्यांत 'समुद्र नरक' बघण्यासारखा आहे यात शंका नाही. पाणी आकाशी निळं, शांत, कुणालाही सूर मारावासा वाटेल असं, आणि तापमान ९८ अंश. गावामागचा त्सुरुमी डोंगर ८६७ मध्ये फुटला तेव्हा हे कुंड तयार झालं असं मानतात. 'रक्त नरक' लोहामुळे विटकरी लाल आहे. एका नरकात गरम पाण्याच्या जोरावर मगरी पाळल्या आहेत. त्या बघून वाईट वाटलं आणि आम्ही उरलेलं तिकीट खिशात घालून बाहेर पडलो. सहलीच्या बस भरभरून येतात, माणसं फोटो काढतात, पुढच्या नरकात जातात. पाण्याला हात लावता येत नाही, तिथे थांबून करायचं काय?

खरी मजा नरकांच्या बाहेरच्या गल्ल्यांत. बेप्पूच्या या कान्नावा वस्तीत गटाराच्या जाळीतून वाफ येते, भिंतीतल्या नळकांड्यातून वाफ येते, दोन घरांमधल्या फटीतून वाफ येते. या वाफेवर लोक पिढ्यान् पिढ्या स्वयंपाक करत आले आहेत. सार्वजनिक वाफघरात आपण भाज्या, अंडी, रताळी, कणसं विकत घ्यायची, दगडी चूल भाड्याने घ्यायची, जाड हातमोजे घालून टोपली आत सोडायची आणि वर लाकडी झाकण ठेवायचं. अंडी, रताळी आणि कोबी एकाच वेळी आत घातले तर कोबीचा लगदा होतो, म्हणून प्रत्येक जिन्नसाची वेळ भिंतीवर लिहिलेली असते. वाफेत मुळातच क्षार असल्यामुळे वरून मीठ लागत नाही. शाकाहारी माणसाची जपानमध्ये जी परवड होते ती माहीत असणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते : इथे पोटभर जेवता येतं, माशाच्या पाण्याचा थेंबही नसलेलं. रताळं तर असं लागलं की अविनाश दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिला.

दुपारी कान्नावाचं वाफस्नान. हे मला सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत आपलं वाटलं. इप्पेन नावाच्या भटक्या भिक्षूने १२७६ मध्ये हे सुरू केलं असं सांगतात. हा इप्पेन अमिदा बुद्धाचं नाव घेत, नाचत गावोगाव फिरायचा. नामस्मरण पुरे, बाकी काही लागत नाही, ही त्याची शिकवण. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा. दोघांना एकमेकांचा पत्ता असणं शक्य नाही, पण त्याच काळात इकडे आणि तिकडे माणसं नाम घेत नाचायला लागली होती, हा विचार त्या दगडी खोलीत शिरेपर्यंत डोक्यात घोळत राहिला.

शिरायचं म्हणजे अक्षरशः शिरायचं. जेमतेम मीटरभर उंचीचं लाकडी दार, त्यातून रांगत आत. आत मिट्ट काळोख, बुटकं छत, जमिनीवर पसरलेली गवतासारखी ओली वनस्पती आणि त्यावर आडवं व्हायचं. बाहेरच्या बाई वेळ मोजतात, आठ मिनिटांनी हाक मारतात. ही वनस्पती 'सेकिशो', वेखंडाच्याच कुळातली. वास ओळखीचा का वाटतोय हे कळायला मला एक मिनिट लागलं. बाळंतिणीची खोली! आजीच्या हातची धुरी, कोपऱ्यात शेगडी, पाटावर उगाळलेलं वेखंड. कान्नावाच्या अंधारात घामाने निथळत मी आमच्या वाड्यातल्या माजघरात पडले होते. हाक आली तेव्हा बाहेर यावंसं वाटत नव्हतं, पण आठ मिनिटांवर मिनिटभरसुद्धा थांबू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

बुधवार : म्योबान, आणि साक्षीची गल्ली

म्योबान म्हणजे तुरटी. डोंगरातल्या या वस्तीत गवताच्या उतरत्या छपरांच्या झोपड्या रांगेने उभ्या आहेत आणि आत माणसं राहत नाहीत, 'युनोहाना' पिकतं. जमिनीतून वाफ येते तिथे दगड बसवून त्यावर निळसर चिकणमाती पसरतात. वाफेतले वायू मातीतल्या द्रव्यांशी मिळतात आणि मातीवर सुईसारखे स्फटिक उगवतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिना-दोन महिन्यांनी खरवडून काढायचे, शुद्ध करायचे, पुड्या बांधायच्या. घरच्या आंघोळीच्या पाण्यात टाकायला ही पूड विकली जाते. छप्पर गवताचंच हवं, कारण पाणी टिपकलं तर पीक विरघळतं आणि ओल कोंडली तरी बिघडतं. एदो काळापासून, म्हणजे शोगुनांच्या राजवटीपासून, चालत आलेली ही पद्धत आहे.

इथलं पाणी दुधी, आंबट आणि गंधकाचं. दारातच सूचना : दागिने काढा. मंगळसूत्र काढून कुलपाच्या कपाटात ठेवलं. जोडवी निघेनात. पंधरा वर्षांत ती निघालेलीच नाहीत. पाय पाण्याबाहेर काठावर ठेवून बसण्याची कसरत दोन मिनिटं केली, मग सोडून दिली. बाहेर आले तेव्हा जोडवी काळीकुट्ट झाली होती. चांदी आणि गंधक, दुसरं काय होणार?

पुरुषांच्या बाजूला अविनाश वेगळ्याच गोष्टीत रमला होता. कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येक ओन्सेन पाण्याच्या तपासणीचा तक्ता लावतं, ते त्याने फोनवर वाचून काढलं. कायद्याने कशाला ओन्सेन म्हणायचं हे १९४८ मध्ये ठरलं : उगमापाशी पाणी किमान २५ अंश असलं पाहिजे, किंवा नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एक तरी पुरेशा प्रमाणात हवा. म्हणजे थंड पाण्याचंही ओन्सेन असू शकतं. त्या तक्त्याशेजारी आणखी एक पाटी असते : यात साधं पाणी मिसळतो का, तापवतो का, तेच तेच फिरवतो का, औषध टाकतो का. ही पाटी २००५ पासून आली. आदल्या वर्षी नागानो प्रांतातल्या शिराहोने या नावाजलेल्या ठिकाणी पाणी पांढरं दिसावं म्हणून पूड मिसळत असल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ उठला. तेव्हापासून जाणकार गिऱ्हाईक आधी पाटी वाचतं. उगमाचं पाणी सरळ हौदात येतं आणि काठावरून वाहून जातं, पुन्हा वापरत नाहीत, असं लिहिलेलं असेल तर डोळे मिटून आत जावं.

संध्याकाळी साक्षीकडे. तिची खोली एका जुन्या दुमजली घरात आहे आणि तिला न्हाणीघर नाही. म्हणूनच भाडं कमी. बेप्पूत अशा खोल्या अजून आहेत, कारण गल्लीच्या टोकाला सगळ्यांचं न्हाणीघर आहेच. बाहेरून ओळखू येऊ नये अशी साधी दुमजली इमारत. वर वस्तीचं सभागृह, खाली आंघोळीचे दोन हौद. वस्तीची मंडळी महिन्याची वर्गणी भरतात, आपसांत पाळ्या लावून हौद घासतात, हिशेब ठेवतात. बाहेरच्याने डब्यात नाणी टाकायची. डब्यापाशी कुणी बसलेलं नव्हतं.

आणि इथे माझी पंचाईत झाली. ताकेगावारात परक्या बायकांसमोर काही वाटलं नाही, पण साक्षी? हिची मी टाळू भरली आहे, हिला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं आहे. आता ती मला बघणार, माझं पोट, ऑपरेशनचा व्रण, सगळं. ती मात्र टोपली हातात घेऊन, कपडे काढून, "चल ना मावशी, पाणी निवतंय" म्हणत आत गेलीसुद्धा. आणि तिची पाठ वळली तेव्हा माझी लाज कुठल्या कुठे पळाली, कारण तिच्या उजव्या खांद्याखाली एक सुबक हिरवं पान गोंदलेलं होतं.

"हे काय?"

"आईला सांगू नकोस."

"कधी काढलंस?"

"पहिल्याच वर्षी. इथल्या आज्यांना माहितीये. त्यांना चालतं."

सगळीकडे चालत नाही, हेही तिनेच सांगितलं. जपानमध्ये गोंदण म्हटलं की याकुझा, म्हणजे गुंडांच्या टोळ्या, आठवतात, त्यामुळे अनेक ओन्सेन गोंदलेल्या माणसाला आत घेत नाहीत. बेप्पूची वस्तीतली न्हाणीघरं याबाबत उदार आहेत. रोज येणाऱ्या शेजारणीला पानावरून कोण हाकलणार?

आत शॉवर नाही, आरसा नाही, साबणसुद्धा आपला आपण आणायचा. मध्ये फरशीत खोदलेला हौद, भोवती चार बायका जमिनीवर बसून त्यातलंच पाणी बादलीने अंगावर घेत होत्या. भिंतीत एका कोनाड्यात औषधबुद्धाची छोटी मूर्ती, पुढे ताजं फूल. आत शिरताना सगळ्यांना "कोम्बानवा" म्हणायचं, निघताना "ओसाकी नी", म्हणजे तुमच्या आधी निघतेय. पाणी ताकेगावारापेक्षाही कढत. कोपऱ्यात थंड पाण्याचा नळ होता आणि माझा डोळा त्यावर होता. साक्षीने डोळ्यांनीच दटावलं. नळ उघडायचा तर आधी विचारायचं, आणि कुणाला, तर त्या समोरच्या आजींना. साक्षीने विचारलं. आजींनी माझ्याकडे नखशिखांत बघितलं, मान हलवली, आणि दोन बोटांमधलं अंतर दाखवलं : एवढाच. मी एवढाच उघडला. मिनिटभराने त्यांनी स्वतः येऊन तो बंद केला.

मग चौकशा सुरू झाल्या. ही आई का? नाही, आईची मोठी बहीण. परीक्षा कशी झाली? दोन दिवस का दिसली नाहीस? शनिवारी हौद घासायची पाळी आहे, लक्षात आहे ना? साक्षी उत्तरं देत होती आणि अधूनमधून मला मराठीत सांगत होती. तिला सर्दी झाली होती तेव्हा दोन दिवस आंघोळीला गेली नाही, तर तिसऱ्या दिवशी यांच्यापैकी एक बाई भाताची पेज घेऊन दारात उभी. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीची काळजी करत माझी बहीण तिकडे नाशकात रात्ररात्र जागी असते.

त्या चौघींत सत्तरीच्या आतली एकच होती. वस्ती म्हातारी होतेय, घासायला हात कमी पडतात, नवीन घरांत प्रत्येकाचं आपलं न्हाणीघर असतं. त्यामुळे बेप्पूतली अशी न्हाणीघरं एकेक करून बंद होताहेत. गाव त्यांना तगवायच्या खटपटीत आहे. साक्षीकडे एक छोटी वही आहे, ठिकठिकाणच्या ओन्सेनचे शिक्के घ्यायला. ८८ वेगवेगळ्या ठिकाणचे शिक्के जमले की 'मेइजिन' म्हणजे निष्णात ही पदवी मिळते. शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या यात्रेवरून हा आकडा घेतलेला आहे. तिची वही अजून निम्मीही भरलेली नव्हती, कारण बहुतेक संध्याकाळी ती याच हौदात येते.

अविनाश बाहेर बाकावर वाट बघत होता. पुरुषांच्या बाजूला एकच आजोबा होते आणि त्यांनी त्याला थंड नळ हवा तेवढा उघडू दिला. काय बोलणार?

गुरुवार : डोंगरापलीकडे

साक्षीचा वर्ग होता, ती आली नाही. बेप्पूहून बेट आडवं ओलांडून कुमामोतोकडे जाणारी बस युफुइनमार्गे कुरोकावाला साधारण अडीच तासांत पोचवते. जागा आधी राखून ठेवावी लागते. युफुइनला बस थोडा वेळ थांबली. मागे १५८३ मीटरचा युफु डोंगर, पुढे खेळण्यातल्या दुकानांसारखा रस्ता आणि त्यावर प्रचंड गर्दी. खाली उतरलो नाही. पुढचा कुजू पर्वताच्या पायथ्याचा पठारी रस्ता मात्र खिडकीला नाक लावून बघण्यासारखा. मैलोन् मैल वाळलेलं गवत, त्याचे पांढरे तुरे वाऱ्यावर एका बाजूला कललेले, झाड जवळजवळ नाही. अविनाश म्हणाला, कास पठार डिसेंबरात. मला पटलं नाही.

कुरोकावा दरीत आहे. बस वरच्या रस्त्यावर सोडते आणि खाली उतरेपर्यंत गाव दिसतच नाही. नदीच्या दोन्ही काठांना तीसेक र्‍योकान, म्हणजे जुन्या धर्तीच्या, मुक्कामाची सोय असलेल्या खाणावळी. मातकट पिवळ्या भिंती, काळपट लाकूड, आणि घराघरांच्या मध्ये रान. झगमगीत पाटी एकही नाही.

हे रान आपोआप उगवलेलं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी कुरोकावाला कुत्रं विचारत नव्हतं. शिनमेइकान खाणावळीचे मालक तेत्सुया गोतो यांनी त्याच्या कितीतरी आधी छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या कड्यात स्वतःच्या हाताने गुहा खोदली होती आणि तिच्यात गरम पाणी सोडलं होतं. डोंगरातली साधी झाडं आणून अंगणात लावली होती. गाव रिकामं आणि यांच्याकडे गिऱ्हाईक, हे बघून बाकीचे शिकायला आले, आणि त्यांनी हातचं राखून न ठेवता शिकवलं. सगळ्यांनी उघड्यावरचे हौद बांधायला घेतले. दोन खाणावळींकडे मात्र त्यासाठी जागाच नव्हती. त्यांचं काय करायचं, यातून १९८६ मध्ये लाकडी परवाना निघाला : कुठल्याही खाणावळीत उतरा, हा परवाना घ्या आणि दुसऱ्या कुणाच्याही तीन हौदांत आंघोळ करा. ज्याच्याकडे हौद नाही त्याचाही पाहुणा तुटत नाही. गावाने मग वेगवेगळ्या पाट्या उतरवल्या आणि ठरवलं की अख्खं गाव ही एकच खाणावळ, रस्ते म्हणजे तिचे व्हरांडे, एकेक खाणावळ म्हणजे एकेक खोली.

आपल्याकडच्या कुठल्याही पर्यटनस्थळी हॉटेलवाल्यांची बैठक बोलावून हे सुचवून बघावं.

रात्रीचं जेवण खोलीत. कुरोकावा ज्या कुमामोतो प्रांतात आहे तो घोड्याच्या कच्च्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे खोली राखतानाच 'घोडा नको, गाय नको' असं लिहून कळवलं होतं. मिठात भाजलेला नदीचा मासा, रानभाज्यांचे तळलेले तुकडे, ताजं तोफू, लोणची, भात. वाढणाऱ्या बाई प्रत्येक ताट ठेवताना खात्री करून घेत होत्या. बिलात राहण्या-जेवणाखेरीज आंघोळीचा करही असतो, बहुतेक गावांत माणशी दीडशे येन.

शुक्रवार : परवाना गळ्यात घालून

सकाळी दिसलं की आदल्या रात्री निळा पडदा होता तिथे आता लाल पडदा आहे. बऱ्याच खाणावळी पुरुष-बायकांचे हौद आलटूनपालटून देतात, म्हणजे राहिलेल्या पाहुण्याला दोन्ही बघायला मिळतात. रात्री अविनाशने वर्णन केलेला धबधब्याखालचा हौद मला मिळाला. त्याने जरा जास्तच रंगवून सांगितलं होतं.

परवाना म्हणजे ओगुनी भागातल्या देवदारसारख्या 'सुगी' झाडाच्या फांदीची आडवी चकती, दोरी ओवलेली. किंमत पंधराशे येन. त्यातला काही भाग गावाच्या संघटनेकडे जातो आणि त्यातून झाडं लावली जातात. युकाता, वर जाड कोट, पायात लाकडी खडावा आणि गळ्यात ही चकती अशा अवतारात थंडीतून चालायला सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. पण सगळेच त्याच अवतारात, त्यामुळे वीसेक पावलांत विसर पडतो.

पहिली शिनमेइकानची गुहा. एक गुहा स्त्री-पुरुषांना एकत्र, एक फक्त बायकांसाठी. मी दुसरीत गेले. भिंतीवर छिन्नीचे घाव अजून दिसतात, हाताला लागतात. पाणी कमरेएवढं, आत आत वळत जाणारं, आणि वाफेमुळे पुढची बाई आवाजावरून कळते. एकत्र गुहेत अविनाश पाच मिनिटं बसला. तिथे पुरुषच होते, सगळे दाराकडे पाठ करून.

दुसरा हौद नदीला लागून, उघड्यावर. मान वर केली की लाल मेपल, मान खाली की पाणी. दुपारी पाऊस सुरू झाला. डोक्यावर थंड थेंब, गळ्याखाली कढत पाणी. शेजारी ओसाकाची एक बाई होती, तिने तिच्या डोक्यावरची बांबूची टोपी काढून मला दिली आणि भिंतीवरची दुसरी स्वतः घेतली. अशा टोप्या पावसासाठीच ठेवलेल्या असतात. तिसऱ्या हौदापर्यंत अंगात त्राण उरलं नाही. एका दिवसात तीन म्हणजे जास्तच होतं. डोकं हलकं होतं, छातीत धडधडतं, जपानी लोक याला पाणी बाधलं म्हणतात. मध्ये तासाभराची विश्रांती आणि भरपूर पाणी प्यायला हवं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तर एकावर थांबावं.

चकतीवरचा एक टप्पा शिल्लक राहिला. ती सहा महिने चालते, पण सहा महिन्यांत आम्ही कुठले येतोय? गावाच्या मधोमध जिझो या बोधिसत्त्वाचं छोटं देऊळ आहे, तिथे लोक वापरलेल्या चकत्या बांधून जातात. या जिझोची गोष्ट अशी : आजारी बापाला खरबूज खावंसं वाटलं म्हणून एका गरीब मीठविक्याने ते चोरलं, पकडला गेला, त्याचं डोकं उडवायचं ठरलं. घाव पडला तेव्हा मुंडकं उडालं ते जिझोच्या मूर्तीचं. कुणीतरी ते मुंडकं घेऊन निघाला, कुरोकावापाशी ते बोललं, 'मला इथेच ठेव', आणि ठेवलं तिथे खडकातून गरम पाणी फुटलं. अविनाश चकती बांधायला निघाला होता. मी ती काढून घेतली आणि खाणावळीच्या बाईंना विचारलं, दुसऱ्याला दिली तर चालेल का? चालतं म्हणाल्या. साक्षी सुट्टीत येणार आहे इकडे.

शनिवार : हाकाता

कुरोकावाहून फुकुओकाची थेट बस आहे, विमानतळावरून पुढे हाकाता स्टेशनपर्यंत जाते. ज्यांच्याकडे दोनच रात्री असतील त्यांनी कुरोकावा सोडावं आणि दोन्ही बेप्पूत काढाव्यात, असं माझं मत. अविनाशचं नेमकं उलट आहे आणि बसमध्ये अडीच तास हाच वाद चालू होता. कुरोकावा सुंदर आहे, पण तिथे सगळेच पाहुणे. नळ किती उघडायचा हे सांगणारं कुणी नाही.

हॉटेलवर आल्यावर टूथपेस्ट आणि जुन्या ब्रशने जोडवी घासत बसले होते, तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"कशी आहे गं साक्षी? बारीक झालीय?"

"नाही. चांगली आहे. बरोबर आंघोळीलाच गेलो होतो, नीट बघितलंय मी तिला."

"अगंबाई! तिच्यासमोर?"

"तिच्यासमोर, आणि गल्लीतल्या चार आज्यांसमोर."

"आणि काय गं, त्या पोरीने काही लपवलंय का माझ्यापासून?"

मी ब्रश खाली ठेवला आणि म्हटलं, "थांब, हे अविनाशशी बोल."